पनवेलची साखरशाळा

मुंबईहून पुण्यास किंवा दक्षिण कोंकणांत जाणाऱ्या प्रवाशाला पनवेल हें गांव बहुधा गाडीच्या खिडकींतूनच ठाऊक असतें. गाडी थांबते, प्रवासी चहा घेतो, पाय मोकळे करतो आणि गांव मागें टाकतो. ज्या गांवावरून सगळे जातात, त्या गांवीं मुक्काम करावा असें कोणास वाटत नाहीं. पनवेलच्या वांट्याला हें नशीब फार जुन्या काळापासून आलेलें आहे. कोंकणचें मीठ आणि तांदूळ घांटावर चढावयाचे आणि घांटावरचा माल बंदरावर उतरावयाचा, तो याच वाटेनें. खाडींत गलबतें येत आणि गाढी नदीच्या परिसरांत बैलगाड्यांचे तांडे सुटत. गाड्या आल्या म्हणजे चाकें झिजणारच. म्हणून गाड्यांचीं चाकें घडविणें हा या गांवाचा एके काळीं नांवाजलेला धंदा होता. येथील नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे महाराष्ट्रांतील अगदीं जुन्या नगरपालिकांपैकीं एक. १८७२ सालीं येथेंच श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना निघाला. वासुदेव बळवंत फडके यांचें जन्मगांव शिरढोण येथून थोड्याच अंतरावर आहे, आणि पनवेलच्या नाट्यगृहाला त्यांचें नांव दिलेलें आहे.

चाकांचा तो धंदा आतां उरला नाहीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि पुढें स्टेशनाच्या पलीकडे नवें पनवेल उभें राहिलें. १९९८ सालीं मुंबईची लोकल पनवेलपर्यंत आली, २०१६ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं याच तालुक्यांत नव्या विमानतळाचें उद्घाटन झालें. स्टेशनाच्या एका अंगास कौलारू वाडे, आळ्या, तलाव आणि देवळें. दुसऱ्या अंगास क्रमांक घातलेले सेक्टर आणि उंच इमारती. या दोन पनवेलांच्या मध्यें मी आठवड्यांतून दोन दिवस दुपारीं पायीं येजा करतों, आणि ज्या कामासाठीं करतों तें ऐकून बहुतेक लोक प्रथम हंसतात. नव्या पनवेलांतील हस्तकलेच्या सामानाच्या एका दुकानांत मी केक सजविण्याचे धडे देतों.

माझा पूर्वेतिहास दोन ओळींत आटोपतों. मॅट्रिक झालों, त्याच काळांत एका वृद्ध शास्त्रीबोवांपाशीं रूपावली, समासचक्र आणि पंचकाव्यें केलीं, आणि पुढें जवळजवळ तीन तपें शाळेंत मराठी व संस्कृत शिकविलें. या साऱ्या काळांत हातांत खडू होता. माझ्या इतर गुणांविषयीं कोणी कांहीं म्हणो, फळ्यावरच्या अक्षराची आठवण मात्र जुने विद्यार्थी अजून काढतात. त्यांतलीच एक मुलगी आतां या दुकानाची मालकीण आहे. तिच्या दुकानांत रेशमाच्या लडी, मणी, रांगोळीचे छाप, मेणबत्त्यांचे साचे, घोटीव कागद असें नाना प्रकारचें सामान भिंतभर लावलेलें असतें. मागें एक लहान खोली, तींत लांब टेबल, आणि त्याभोंवतीं दहा जणींना उभें राहतां येईल एवढी जागा.

एके दिवशीं ती घरीं आली आणि म्हणाली, "गुरुजी, माझ्या वर्गांतल्या मुली इंग्रजी नांवें झकास काढतात, पण मराठी लिहावयाचें म्हटलें कीं 'हार्दीक शुभेछा' होतें. गिऱ्हाईक केकचा फोटो काढून साऱ्या नातेवाइकांना धाडतें. आठवड्याच्या दोन दुपारी आम्हांला द्याल का?"

मानधन ठरलें तें थोडें. परंतु निवृत्तीनंतर कोणी फळ्याजवळ बोलवावें, ही गोष्ट थोडी नव्हे. येथें फळा गोल होता आणि खडूच्या जागीं साईसारखें क्रीम होतें, एवढाच भेद. प्रथम मी केवळ अक्षरांपुरता जात असें. बाकीचें काम एक तरुण बाई शिकवीत. त्यांच्याजवळ मी मुलींबरोबरच उभा राहून क्रीमची पिशवी धरावयास शिकलों. वर्षभरानें त्यांच्या यजमानांची बदली झाली, आणि नवशिक्यांचा वर्ग माझ्याकडे आला. वरच्या वर्गासाठीं रविवारीं दुसऱ्या बाई येतात.

वडाळे तलावाच्या कांठीं संध्याकाळीं आम्हां निवृत्तांची बैठक बसते. तेथें ही बातमी पोंचली तेव्हां एका स्नेह्यानें विचारलें, "काय हो, पंचकाव्यें शिकविणारा माणूस दुकानांत लोणी थापावयास जातो, हें बरें दिसतें का?" प्रश्न थट्टेचा होता, पण पोकळ नव्हता. केक सजविणें ही विद्या आहे, कीं पैसेवाल्यांचा चोचला? आणि ती विद्या नसेल, तर जन्मभर विद्यादान केलेल्या माणसानें तिच्यासाठीं पायपीट कां करावी? मीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. वर्गांत जें पाहिलें आणि त्यावरून जें सुचलें, तें येथें मांडतों.

प्रथम साखरेविषयीं. संस्कृतांत शर्करा म्हणजे मुळांत खडे, वाळू. त्या रूपसाम्यावरून उंसाच्या कणीदार सारास तें नांव मिळालें. हाच शब्द फारसींत शकर, अरबींत सुक्कर आणि पुढें इंग्रजींत शुगर झाला. आणि आपल्या 'खंड' शब्दाचाच इंग्रजी कँडी झाला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा हे उंसाचे पांच प्रकार एकत्र सांगितलेले आहेत. वात्स्यायनानें गणलेल्या चौसष्ट कलांत तांदूळ आणि फुलें यांची आरास मांडणें ही एक स्वतंत्र कला आहे, आणि नानाविध भक्ष्य पदार्थ सिद्ध करणें ही दुसरी. तेव्हां खाण्याच्या वस्तूला रूप देणें हें आपल्या पूर्वजांना हलकें वाटत नव्हतें.

पण एवढें मागें जाण्याचेंहि कारण नाहीं. आपल्या घरांतील संक्रांत आठवावी. तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातींत घेऊन मंद शेगडीवर ठेवावयाचा, चमचा चमचा पाक सोडावयाचा आणि बोटांनीं दाणे हलवीत राहावयाचें. असें दिवसामागून दिवस केलें म्हणजे त्या दाण्यावर काटा उभा राहतो. विस्तव किंचित् जास्त झाला कीं काटा मोडला, पाक एकदम जास्त पडला कीं दाणे एकमेकांस चिकटले. पौषांतली कोरडी थंडी या कामाला हवी. मग त्या हलव्याचे हार, बाजूबंद, तन्मणी आणि मुकुट गुंफून काळ्या चंद्रकळेवर नव्या सुनेला लेववावयाचे, आणि बोरन्हाणाला तान्ह्या बाळाच्या अंगावर घालावयाचे. पाडव्याला गुढीवर चढते ती गांठी म्हणजे तरी काय? लांकडी साच्यांत दोरा घालून ओतलेला साखरेचा पाक. साखरेचे दागिने करून माणसाच्या अंगावर घालणारा हा आपला समाज. त्यानें केकवरील साखरेच्या गुलाबाकडे परकें म्हणून पाहावें, याचें नवल वाटतें.

केक स्वतः मात्र पाहुणा आहे, हें खरें. इंग्लंडांत पिठीसाखर आणि अंड्याचा पांढरा बलक घोटून केलेल्या कठीण लेपाला रॉयल आयसिंग म्हणतात. १८४० सालीं व्हिक्टोरिया राणीच्या लग्नांत सुमारें ३०० पौंडांचा केक होता, आणि तेव्हांपासून त्या पांढऱ्या शुभ्र साजाची प्रतिष्ठा फार वाढली. आपल्या देशांत केरळांतील तलश्शेरी येथें मांबळ्ळी बापू या बेकरीवाल्यानें १८८३ सालीं एका इंग्रज मळेवाल्यासाठीं नाताळचा केक केला, तो हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा पहिला म्हणून सांगतात. अमेरिकेंत शिकागो येथें ड्यूई मॅकिन्ली विल्टन यांनीं १९२९ सालीं केक सजविण्याचे वर्ग काढले. पुढें तिकडील हस्तकलेच्या दुकानांतून त्यांच्या पद्धतीचे वर्ग भरूं लागले, आणि दुपारच्या फावल्या वेळांत तेथें शिकविणें हा अनेक गृहिणींचा जोडधंदा झाला. आमच्या पनवेलचा वर्ग त्याच झाडाची दूरची फांदी आहे.

अंड्याचें काय, हा प्रश्न आमच्यासारख्या घरांतून पहिल्यानें निघतो. माझा स्वतःचा नेम मीं सोडलेला नाहीं, आणि माझ्या वर्गांत केक बिनअंड्याचाच असतो. दूध आटवून, दही आणि सोडा यांच्या योगानें पीठ उत्तम फुगतें. रॉयल आयसिंगला अंड्यावांचून गति नाहीं अशी समजूत होती. पण पुण्याच्या प्राची धबल देब यांनीं इंग्लंडांत एडी स्पेन्स यांच्याजवळ ही कला शिकून घेतली आणि तिला अंडें व दूध या दोहोंशिवाय साधण्याची रीत बसविली. २०२२ सालीं त्यांनीं इटलींतील मिलान येथील प्रार्थनामंदिराची सुमारें १०० किलो वजनाची प्रतिकृति याच साखरेच्या लेपानें उभी केली. खांब, कमानी, जाळ्या, सर्व कांहीं साखरेचें. त्या प्रतिकृतीचें छायाचित्र वर्गांत दाखविलें तेव्हां बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

आतां वर्गाची रीत सांगतों. टेबलावर एक फिरता पाट असतो, त्याला टर्नटेबल म्हणतात. त्यावर केक ठेवून डाव्या हातानें पाट फिरवावयाचा आणि उजव्या हातांतली सुरी स्थिर धरावयाची. नवशिकी बाई याच्या उलट करते. पाट स्थिर ठेवून सुरी फिरवीत बसते आणि कडा खडबडीत होतात. वर्गांत एक आगरी मुलगी आहे. तिच्या घरचीं भातशेतें विमानतळाच्या जमिनींत गेलीं. तिला ही गोष्ट सांगावीच लागली नाहीं. तांदळाची भाकरी परातींत थापतांना हात जागच्या जागीं राहतो आणि भाकरी फिरते, हें तिच्या हाताला लहानपणापासून माहीत होतें. पहिल्याच दिवशीं तिनें केकची कडा अशी साफ केली कीं बाकीच्या जणी तिच्याभोंवतीं गोळा झाल्या. एके काळीं चाकें घडविणाऱ्या गांवांत फिरत्या पाटाची युक्ति कोणाच्या हातांत सांपडावी, हें मला त्या दिवशीं कळलें.

दुसरा धडा पिशवीचा. शंकूसारख्या पिशवींत क्रीम भरून तिच्या टोंकाला धातूची लहान नळी बसवितात. तिला नोझल म्हणतात. चांदणी काढावयाची तर पिशवी सरळ उभी, शिंपल्यांची कडा काढावयाची तर निम्मी कललेली. गुलाबासाठीं एका बाजूनें रुंद व दुसऱ्या बाजूनें अरुंद तोंडाची नळी लागते. रुंद बाजू खालीं ठेवावयाची, म्हणजे पाकळी बुडाशीं जाड आणि कांठाशीं पातळ होते. सगळ्या कृतीचें सूत्र तीन क्रियापदांत मावतें: दाबा, थांबा, उचला. यांतलें मधलें क्रियापद सर्वांत अवघड. दाब न थांबवितां हात उचलला कीं प्रत्येक फुलाला शेंपूट येतें. येथून जवळच पेण आहे. तेथें गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर रेघ संपण्यापूर्वींच कुंचल्याचा भार काढून घेतो. तीच ही युक्ति. करंजीची मुरड घालतांना आमच्या घरांतून बोट केव्हां सोडतात, तें मीं या वर्गासाठीं मुद्दाम बसून पाहिलें. "अहो, इतकीं वर्षें नुसत्या खाल्ल्यात, आज पाहतां आहांत," असा शेरा त्याबद्दल मिळाला.

तिसरा धडा अक्षरांचा. तोच माझा खास. इंग्रजी अक्षरें रेघेवर बसतात, आपलीं रेघेला लटकतात. म्हणून इंग्रजी पद्धतीनें खालची रेघ धरून मराठी लिहूं गेल्यास ओळ वाकडी जाते. शिवाय आपल्या ओळीला तीन मजले लागतात: वर वेलांटी, मात्रा आणि रफार, मध्यें अक्षर, खालीं उकार. जागा आधीं मोजली नाहीं तर 'शुभेच्छा'चा उकार केकच्या कडेवरून घसरतो. यावर मीं मोडीची जुनी रीत घेतली. मोडी लिहिणारे कारकून आधीं कागदभर आडवी रेघ ओढीत आणि मग तिला अक्षरें टांगीत जात. मुली आतां दांतकोरणीनें केकवर प्रथम शिरोरेघेची पुसट खूण करतात, अक्षरें मोजतात, आणि मगच पिशवी उचलतात. ऱ्हस्वदीर्घाचा धडा शाळेंत मीं हजारों वेळां दिला. पण विद्यार्थ्यानें तो इतक्या मन लावून ऐकलेला मीं पूर्वीं पाहिला नव्हता. वहींतली चूक तांबड्या शाईनें सुधारतां येते. क्रीममधली चूक खरवडली तरी डाग उरतो.

चवथा धडा गणिताचा, आणि माझ्या मतें तो सर्वांत महत्त्वाचा. ६ इंची गोल भांड्याला जितकें मिश्रण लागतें, त्यापेक्षां ८ इंचीला किती जास्त? बहुतेक जणी म्हणतात, तिसरा हिस्सा जास्त. पण वर्तुळाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. सहाचा वर्ग ३६ आणि आठाचा ६४, म्हणजे तितक्याच उंचीच्या केकला जवळजवळ पावणेदोनपट सामान पाहिजे. जी बाई आठ इंची केकची किंमत सहा इंचीच्या सवाईनें सांगते, ती आपल्या पदरचें सामान गिऱ्हाइकाला वाटते. शाळेंत मुलें विचारीत कीं हें क्षेत्रफळ आयुष्यांत कोठें उपयोगी पडतें. त्यांना दाखविण्यासारखें उत्तर मला साठी उलटल्यावर मिळालें.

हवेचा प्रश्नहि कोंकणांत नित्याचा. हें क्रीम बहुधा वनस्पतीच्या स्निग्धाचें असतें. तें चांगलें गारठलेलें असेल तरच घोटल्यावर फुगतें. वैशाखांतल्या दुपारीं भांड्याखालीं बर्फ ठेवूनच काम करावें लागतें. साखरेच्या लगद्याचीं फुलें, ज्यांना फोंडंटचीं म्हणतात, पावसाळ्याच्या दमट हवेंत घाम सुटल्यासारखीं चिकट होतात. इंग्रजी पुस्तकांतलें वेळापत्रक म्हणूनच येथें चालत नाहीं. पनवेलचें वेगळें बनवावें लागतें, आणि तें आम्हीं वहींत मांडीत आणलें आहे.

या वर्गांत शिकावयास येतें कोण? रात्रपाळी करून आलेली एक मल्याळी परिचारिका आहे, नुकतें लग्न झालेली संगणक कंपनींतली मुलगी आहे, ती आगरी कन्या आहे. २०२० सालच्या टाळेबंदींत घरोघर केक करण्याची हौस वाढली आणि त्यांतल्या अनेकींनीं पुढें त्याचा धंदा केला. पण मी सांगणार आहें ती हकीकत जुन्या पनवेलांतल्या एका बाईची. वय चाळिशीच्या आसपास. यजमानांचा कारखाना बंद पडला, मुलगी बारावींत, आणि सासरे सोंवळ्याओंवळ्याचे कडक.

सासऱ्यांचे आक्षेप तीन होते. घरांत अंडें येणार नाहीं, हा पहिला. तो सुटण्यासारखा होता. वाढदिवसाला निरांजन लावून औक्षण करावयाचें, तेथें मेणबत्ती फुंकून विझविणें हें अशुभ, हा दुसरा. आणि आपल्या घरचें अन्न पैसे घेऊन परक्यास द्यावयाचें नाहीं, हा तिसरा. एके दुपारीं सर्व जणी गेल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, मामंजींना काय सांगूं? तुम्हीं शास्त्र पढलेले. तुमचें ते ऐकतील."

मीं शास्त्रार्थ करावयास जाण्याचें नाकारलें. मेणबत्तीविषयीं त्यांचें म्हणणें मलाहि मान्य आहे. आमच्या नातवाच्या वाढदिवसाला आधीं औक्षण होतें आणि मग केक कापतात, विझविण्याचा विधि आम्हीं गाळला आहे, आणि मुलाचा आनंद त्यामुळें रतिभरहि उणा झालेला नाहीं. तिसऱ्या आक्षेपाचें उत्तर मात्र वादानें मिळण्यासारखें नव्हतें. तें हिशेबाच्या वहीनेंच द्यावें, असें मीं तिला सांगितलें. आणि वही मागितली, तेव्हां खरी अडचण उघडी झाली. ती केक विकत होती, पण भावानें नव्हे, भिडेनें. साखर, क्रीम, गॅस, वीज, खोका, पोंचविण्याचा खर्च, हें सर्व फळ्यावर मांडलें, तेव्हां पांच तासांच्या कामाचे तिच्या हातीं ४० रुपये उरत होते. ती बराच वेळ त्या आंकड्याकडे पाहत उभी राहिली. सासऱ्यांना सांगण्यासारखें तिच्याजवळ खरोखरच कांहीं नव्हतें.

त्या दिवसापासून तिनें तीन गोष्टी केल्या. दर बदलला आणि तो छापून भिंतीवर लावला, म्हणजे तोंडानें सांगण्याचा संकोच नको. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ याप्रमाणें घरून अन्न विकणाऱ्यासहि नोंदणी करावी लागते, ती केली. आणि मराठी अक्षरांचे केक हेंच आपलें वैशिष्ट्य ठरविलें. कारण आजूबाजूस तें नीट करून देणारें कोणी नव्हतें. पहिल्या महिन्यांत गिऱ्हाइकें निम्म्यावर आलीं. वर्गांतल्या कांहीं जणी म्हणाल्या कीं मास्तरांच्या गणितानें बिचारीचा धंदा बुडविला. तो महिना मलाहि जड गेला, हें खरें. कारण उपदेश करणाराचें कांहींच जात नाहीं, जें जातें तें ऐकणाराचें.

मग एका घरून सहस्रचंद्रदर्शनाची मागणी आली. हजार पौर्णिमा पाहून ८१व्या वर्षांत आलेल्या आजोबांसाठीं त्यांच्या नातवंडांनीं केक सांगितला, आणि त्यावर तोच शब्द पाहिजे म्हणून अट घातली. स, ह, स्र, चं, द्र, द, र्श, न अशीं आठ अक्षरें. त्यांत तीन जोडाक्षरें. केक ८ इंची. दोहों बाजूंस एकेक इंच सोडला तर उरले सहा इंच, म्हणजे दर अक्षराला पाऊण इंच. तिनें चार दिवस घरीं स्टीलच्या ताटाच्या पाठीवर तो शब्द काढला, पुसला आणि पुन्हां काढला. चवथ्या दिवशीं झोंपाळ्यावर बसलेले सासरे आपण होऊन जवळ आले, चष्मा सांवरून पाहिलें आणि म्हणाले, "रफार नवर गेला आहे. तो शच्या डोक्यावर हवा." एवढेंच बोलून ते परत जाऊन बसले.

त्यांनीं आपला आक्षेप मागें घेतला असें मी म्हणणार नाहीं. त्यांनीं तो केक चाखलाहि नाहीं. पण तेव्हांपासून घरांतून निघणाऱ्या प्रत्येक केकवरचें मराठी ते वाचून पाहतात आणि वेलांटी चुकली असेल तर बाहेर जाऊं देत नाहींत. हळूहळू गिऱ्हाइकें परत आलीं. बारशाचा, मौंजीचा, साठीशांतीचा केक खारघर, कामोठ्यापर्यंत जाऊं लागला. जूनमध्यें मुलीची कॉलेजची फी तिनें स्वतः भरली, आणि पावती मला दाखविण्यासाठीं वर्गांत आणली.

तलावाकांठच्या स्नेह्याला माझें उत्तर आतां देतां येतें. जी गोष्ट पायरी पायरीनें सांगतां येते, पहिल्या पायरीवर चुकलें तर कोठें चुकलें तें दाखवितां येतें, आणि जी घेऊन घेणारा आपल्या पायांवर उभा राहतो, ती विद्या. तिचें साधन खडू असो वा क्रीमची पिशवी. संस्कृताच्या वर्गांत माझ्यासमोर चाळीस मुलें असत आणि त्यांतल्या चौघांना तें हवें असे. येथें दहा जणी असतात आणि दहाहि जणींना तें हवें असतें. केक हा चोचला असेलहि. पण तो करणारीचा संसार चोचला नव्हे. विद्या विकूं नये हें वचन मीं लहानपणापासून ऐकत आलों. तथापि शाळेंतला पगार आम्हीं सर्वांनीं दर महिन्याला घेतलाच, आणि त्यांत कोणास कमीपणा वाटला नाहीं. आपल्या घरांतील बाई आपल्या हाताच्या गुणाचे पैसे मागते तेव्हांच तो नियम आपल्याला आठवावा, हें न्यायाचें नव्हे. वाचकांनीं घरून काम करणाऱ्या बाईकडे कांहीं करावयास टाकलें तर तिनें सांगितलेल्या दराची घासाघीस करण्यापूर्वीं मनांत एकदां तो फळा मांडून पाहावा: सामान किती, विस्तव किती, आणि तास किती.

पनवेलला उतरण्याचा प्रसंग कोणा वाचकावर आला, तर स्टेशनावरूनच परत फिरूं नये. एका अंगास जाऊन तलाव आणि जुन्या आळ्या पाहाव्या, दुसऱ्या अंगास येऊन नव्या वस्तींतलें जीवन पाहावें. दोन्हीकडे हातानें काम करणारीं माणसें भेटतील. येत्या संक्रांतीच्या आधीं वर्गांत पंधरा दिवस हलवा करण्याचा बेत ठरला आहे. केकवर हलव्याचे दागिने घालावे अशी कल्पना त्या आगरी मुलीनें काढली, आणि मालकिणीनें ती उचलून धरली. शिकविण्याचें काम आमच्या घरांतून करणार आहेत. माझ्याकडे शेगडी सांभाळण्याचें काम आलें आहे, आणि विस्तव मंद ठेवावा अशी ताकीद आतांपासूनच मिळालेली आहे.